तीन मशीनं, एक टेबल

आमच्याकडे एका टेबलाशी तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्ही लागतात. एक माझा डेस्कटॉप, त्यावर लिनक्स आहे. भाषांतर आणि मुद्रितशोधन मी त्यावर करते. दुसरा नोकरीचा लॅपटॉप. तो कंपनीचा असल्यामुळे त्यावर साधा फॉन्टसुद्धा स्वतःहून टाकता येत नाही. तिसरं बाबांचं मशीन. बाबांनी पुण्यात पेठेत बरीच वर्षं डीटीपीचा व्यवसाय केला. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून एखादा दिवाळी अंक. दुकान बंद केलं तेव्हा फर्निचर विकलं, प्रिंटर विकला, पण विंडोज ७, पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी असलेलं ते मशीन घरी आणलं.

ते अजून कशाला ठेवलंय, असं बरेच जण विचारतात. पेजमेकर ७ ही त्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली. तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी आजची पद्धत, कळत नाही. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये काना, मात्रा, रफार, जोडाक्षरांचे अर्धे तुकडे हे सगळं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेलं असे. ती फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली, की पानभर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण पानाची मांडणी हाताने पुन्हा करावी लागते, आणि जोडाक्षरं तर एकेक करून तपासावी लागतात. एखादी संस्था अमृतमहोत्सवासाठी जुन्या अहवालातली चार पानं मागायला येते, तेव्हा बाबा ती फाइल त्याच मशीनवर उघडतात आणि दहा मिनिटांत पीडीएफ देतात. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, त्यामुळे ते मशीन आम्ही इंटरनेटला जोडत नाही. काम मात्र ते चोख करतं.

तर तीन मशीनं, तीन कीबोर्ड, तीन माऊस, दोन मॉनिटर आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. दिवसभर कधी डावीकडे वळून तर कधी उजवीकडे वळून टाइप करायचं. माझा उजवा खांदा त्याने धरायला लागला होता. कीबोर्ड छातीसमोर, मनगट सरळ, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, ही बसायची रीत सगळ्यांना ठाऊक असते, पण तीन कीबोर्डांपैकी एकच छातीसमोर मावतो. बाबांचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या वाट्याला टेबलाची कड आली होती आणि जुना सतरा इंची मॉनिटर, ज्यावर पेजमेकरचं पान बघताना ते अगदी काचेपर्यंत वाकायचे. एक चांगला सत्तावीस इंची मॉनिटर, एक चांगला कीबोर्ड आणि एक माऊस घ्यायचा, आणि तो तिघांत वाटून घ्यायचा, असं ठरलं.

पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तोच माझ्याही आला: आहे त्या नेटवर्कवरून काम भागवावं, नवीन काही घेऊच नये. एक मार्ग रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे एका मशीनच्या पडद्यावर दुसऱ्याचा पडदा खिडकीत उघडायचा. दुसरा मार्ग मला फार आवडला होता. सिनर्जी नावाचा प्रोग्राम २००१ पासून आहे. त्याच्यापासून पुढे बॅरियर निघाला, बॅरियरपासून इनपुट लीप. यांच्यात कीबोर्ड-माऊस एकाच मशीनला लावलेला असतो. माऊसचा बाण पडद्याच्या उजव्या कडेला नेला की तो कडेपलीकडे जातो आणि शेजारच्या मशीनच्या पडद्यावर डाव्या कडेतून बाहेर येतो. त्यानंतर टाइप केलेलं सगळं त्या मशीनवर जातं. सगळी मशीनं विंडोजची असतील तर मायक्रोसॉफ्टचा माऊस विदाउट बॉर्डर्स आहे, तो २०२३ पासून पॉवरटॉइज या संचात मिळतो आणि चार मशीनांपर्यंत चालतो. अ‍ॅपलवाल्यांना २०२२ पासून युनिव्हर्सल कंट्रोल मिळालं आहे. बाण कड ओलांडून दुसऱ्या मशीनवर जातो तो क्षण मला आजही विलक्षण वाटतो. ज्याची दोन्ही मशीनं स्वतःची आहेत आणि दोन्हींना पडदे आहेत, त्याने दुसरं काही शोधू नये असं माझं मत आहे.

ऑफिसच्या लॅपटॉपसाठी तो मार्ग पहिल्याच दिवशी बंद झाला. प्रोग्राम टाकायची परवानगी नाही, आणि कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट, म्हणजे व्हीपीएन, चालू असताना लॅपटॉपला घरातलं दुसरं मशीन दिसतच नाही. हे मला योग्यच वाटतं. असा प्रोग्राम म्हणजे प्रत्येक दाबलेली कळ, पासवर्डसकट, नेटवर्कवरून दुसरीकडे पाठवणारी गोष्ट. घरच्या मशीनांमध्येसुद्धा एन्क्रिप्शन, म्हणजे सगळं सांकेतिक करून पाठवायची सोय, चालू करूनच तो वापरायला हवा.

राहिलं बाबांचं मशीन. ते इंटरनेटला नको, म्हणून माझा डेस्कटॉप आणि ते, या दोघांत थेट लॅनची केबल टाकली. माऊस सुरेख चालला. पेजमेकरमध्ये मजकुराचे चौकोन सरकवणं, पानं उलटणं, सगळं जमलं. मग बाबा टाइप करायला बसले.

"अगं, काहीच उमटत नाहीये."

खरंच काही उमटत नव्हतं. मग मी माझ्या डेस्कटॉपवरची कीबोर्डाची मराठी मांडणी काढून इंग्रजी केली, तेव्हा अक्षरं यायला लागली. बाबा पुन्हा चकित, कारण त्यांच्या मशीनवर तर त्यांनी काहीच बदललं नव्हतं.

हे कोडं सुटल्यावर मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म कळलं, म्हणून इथे थोडं थांबते. यूएसबी कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. तो कळीचा क्रमांक पाठवतो. ए ची कळ ४, बी ची ५, याप्रमाणे के ची कळ १४. या क्रमांकाचं अक्षर काय करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. माझ्या डेस्कटॉपवर इनस्क्रिप्ट ही मराठी मांडणी लावलेली असेल तर १४ चा क होतो, शिफ्टसह ख होतो. लॅपटॉपवर इंग्रजी आहे, तिथे १४ म्हणजे के. बाबांच्या मशीनवर श्रीलिपीत टाइपरायटरची मांडणी आहे, बाबा त्या मांडणीवर तरुणपणी हात बसवून आलेले, तिथे त्या कळीचं काय करायचं ते श्रीलिपी ठरवते. म्हणजे एकाच कीबोर्डावर तीन मांडण्या नांदू शकतात, मात्र प्रत्येक मशीनपर्यंत कोरा क्रमांक पोचला पाहिजे.

सॉफ्टवेअरच्या मार्गात नेमकं हेच होत नव्हतं. कीबोर्ड माझ्या डेस्कटॉपला लावलेला, त्यामुळे कळीचं अक्षर आधी माझा डेस्कटॉप करायचा. १४ चा क झाला, आणि पलीकडे 'क दाब' असा निरोप गेला. पलीकडच्या मशीनच्या मांडणीत क नावाची कळ नाही. ते मशीन काय दाबणार? डेस्कटॉपवर इंग्रजी लावल्यावर निरोप 'के दाब' असा जायला लागला आणि ती कळ पलीकडे सापडली. म्हणजे बाबांनी टाइप करायच्या आधी माझ्या मशीनवर भाषा बदलायची, आणि मी परत आले की पुन्हा मराठी करायची. दोन इंग्रजी मशीनांमध्ये काम करणाऱ्याला ही अडचण कधी कळणारही नाही. आपल्याला ती रोज येते.

तेव्हापासून मी कोणतीही वाटणीची सोय तपासताना एकच शब्द टाइप करून बघते: दऱ्याखोऱ्या. इनस्क्रिप्टमध्ये त्यातलं ऱ्य काढायला शिफ्ट दाबून जे ची कळ, मग हलन्त, मग य असं जावं लागतं. खसाठी पुन्हा शिफ्ट. शिफ्ट कुठे हरवत असेल, एखादी कळ उशिरा पोचत असेल किंवा मधेच कोणी अक्षराचं भाषांतर करत असेल, तर हा शब्द लगेच फुटतो. शब्द नीट उमटला तर ती सोय मराठी टाइपिंगला चालेल असं मी धरते.

सॉफ्टवेअरची दुसरी मर्यादा अशी, की ते ऑपरेटिंग सिस्टीम उठल्यावरच कामाला लागतं. माझ्या डेस्कटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे. मशीन सुरू होताना पासवर्ड मागते, तेव्हा अजून काहीच चालू झालेलं नसतं. बाबांच्या मशीनच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, घड्याळ दुरुस्त करायचं तर तिथेही खराखुरा कीबोर्ड लागतो. आणि मॉनिटर तर या मार्गाने वाटला जातच नाही. म्हणजे आता हार्डवेअर.

हार्डवेअरमध्ये जी डबी मिळते तिला केव्हीएम स्विच म्हणतात. कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. एका बाजूला कीबोर्ड, माऊस, मॉनिटर लावायचे, दुसऱ्या बाजूने प्रत्येक कॉम्प्युटरकडे एक यूएसबी आणि एक व्हिडिओ केबल न्यायची, आणि वरचं बटण दाबलं की तिन्ही गोष्टी एकदम एका मशीनवरून दुसऱ्यावर जातात. सर्व्हर रूममध्ये ही जुनी गोष्ट आहे. रॅकमध्ये डझनावारी सर्व्हर आणि त्यांच्यासमोर एकच कीबोर्ड-मॉनिटर, ही तिथली नेहमीची व्यवस्था.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. दुकानदारांनी विचारलं, "ताई, सीसीटीव्हीला पाहिजे की कॉम्प्युटरला?" कारण तिथे ही डबी जास्त करून डीव्हीआर बघायला नेतात. मी मॉनिटरचं रिझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे ठिपके किती ते, सांगितलं, २५६० बाय १४४०, तेव्हा त्यांनी पहिल्या दोन डब्या बाजूला केल्या आणि तिसरी पुढे ठेवली. ते त्यांचं बरोबर होतं. एचडीएमआय हा चित्राच्या केबलचा प्रकार; त्याच्या १.४ आवृत्तीच्या डबीतून ४के, म्हणजे ३८४० बाय २१६०, चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं, त्यात माऊसचा बाण अडखळत चाललेला दिसतो; ४के ला ६० हवे असतील तर एचडीएमआय २.० लागतं. माझ्या रिझोल्यूशनला १.४ पुरतं, पण डबीवर नुसतं 'एचडी' छापलं असेल तर ती १९२० बाय १०८० पर्यंतच जाते अशी शक्यता असते. ज्यांना ही डबी घ्यायची आहे त्यांनी मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते) कागदावर लिहून न्यावा.

ती डबी आम्ही काही दिवस वापरली. टाइपिंगच्या बाबतीत ती पहिल्याच परीक्षेत उतरली, दऱ्याखोऱ्या तिन्ही मशीनांवर आपापल्या मांडणीत नीट आलं, आणि बाबा खूश झाले. त्रास मॉनिटरचा झाला.

मॉनिटर जोडला की तो कॉम्प्युटरला स्वतःची माहिती देतो: कोणी बनवला, किती मोठा, कोणकोणती रिझोल्यूशनं चालतात. १२८ बाइटचा हा मजकूर, गरज पडली तर पुढे आणखी १२८ ची पुरवणी. त्याला ईडीआयडी म्हणतात. साध्या डबीत बटण दाबून दुसरीकडे गेलं, की पहिल्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने मॉनिटर उपटून नेलेला असतो. तो लगेच आवराआवर करतो. लॅपटॉप सगळ्या खिडक्या आपल्या लहान पडद्यावर आणून कोंबतो. परत आलं की मॉनिटर पुन्हा सापडतो, पण खिडक्या होत्या तिथे जातीलच असं नाही. मी एका बाजूला मूळ इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी अशा दोन खिडक्या शेजारी ठेवून भाषांतर करते. दर वेळी परत आल्यावर त्या पुन्हा मांडायच्या, यात कामातलं लक्ष मोडतं. यावरचा इलाज असतो: काही डब्या ईडीआयडीची प्रत स्वतःजवळ ठेवतात आणि आपण दुसरीकडे असतानाही प्रत्येक कॉम्प्युटरला ती दाखवत राहतात. ती सोय असलेल्या चांगल्या डब्या बऱ्याच महाग मिळतात, आणि त्यातही तीन-चार मशीनांच्या तर फारच.

दुसरा त्रास केबलचा. कॉम्प्युटर ते डबी एक केबल, डबी ते मॉनिटर दुसरी, मधे डबीतले सर्किट. लॅपटॉपकडची केबल लांब होती, त्या बाजूला पडदा मधूनच क्षणभर काळा व्हायचा. दीड मीटरची चांगली केबल आणल्यावर तो प्रकार जवळजवळ थांबला.

तिसरा, शॉर्टकटचा. या डबीत स्क्रोल लॉक दोनदा दाबून मशीन बदलता येत होतं. हे करण्यासाठी डबीला आपली प्रत्येक कळ वाचावी लागते, आणि मग ती पुढे कॉम्प्युटरला स्वतःच एक साधा कीबोर्ड असल्याचं दाखवते. त्यामुळे कीबोर्डावरच्या जादा कळा आणि माऊसची बाजूची बटणं मुकी होतात. ती बटणं मला मागे-पुढे जायला लागतात. कीबोर्ड डबीच्या साध्या यूएसबी पोर्टला लावला तर सगळ्या कळा चालतात, पण मग डबीला कळा वाचता येत नाहीत आणि शॉर्टकट जातो.

या टप्प्यावर मी दोन्ही कामांचं ओझं कागदावर मांडून पाहिलं. साधा यूएसबी कीबोर्ड ज्या वाटेने बोलतो तिचा वेग सेकंदाला १५ लाख बिट, आणि त्यातलाही फारच थोडा भाग तो वापरतो. माझ्या मॉनिटरचं चित्र म्हणजे २५६० गुणिले १४४० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा: ५३० कोटी बिट. साडेतीन हजार पट. इतक्या वेगळ्या दोन गोष्टी एकाच डबीतून का न्यायच्या? कीबोर्ड-माऊस अदलाबदल करणं स्वस्त आणि सोपं आहे. मॉनिटर अदलाबदल करणं अवघड आणि महाग आहे, आणि ते काम करणारा स्विच तर मॉनिटरच्या पोटात आधीच आहे! माझ्या मॉनिटरला चित्र आत घ्यायला एक डिस्प्लेपोर्ट आणि दोन एचडीएमआय आहेत. तीन मशीनांना तीन वाटा.

मग फक्त यूएसबीचा स्विच घेतला, चार कॉम्प्युटरपर्यंत चालणारा, व्हिडिओ नसलेला. केव्हीएमच्या किमतीच्या मानाने तो अगदी थोड्यात मिळतो. डेस्कटॉप डिस्प्लेपोर्टला, लॅपटॉप पहिल्या एचडीएमआयला, बाबांचं मशीन दुसऱ्या एचडीएमआयला. बाबांच्या मशीनला एचडीएमआय नाही, चित्रासाठीच असलेलं जुनं डीव्हीआय पोर्ट आहे. पण डीव्हीआय-डी आणि एचडीएमआय यांचा सिग्नल मुळात एकच असल्याने एका टोकाला डीव्हीआय आणि दुसऱ्याला एचडीएमआय असलेली साधी केबल पुरते, मधे कन्व्हर्टर लागत नाही. मात्र सिंगल लिंक डीव्हीआय ६० हर्ट्झला १९२० बाय १२०० च्या पुढे जात नाही. म्हणून तिथे १९२० बाय १०८० ठेवलं. अक्षरांच्या कडा किंचित मऊ दिसतात, पण सतरा इंचीवरून आलेल्या बाबांना ते पान एवढं मोठं दिसलं, की त्यांनी पहिल्या दिवशी कामाशिवायच जुन्या फाइली उघडून पाहिल्या. एका संस्थेच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ त्यांनी मला बोलावून दाखवलं. ते त्यांनी एका रात्रीत केलं होतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

श्रीलिपीचं यूएसबी डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेला तुकडा, मात्र स्विचला लावू नये. स्विच फिरवला की डोंगलही मशीनवरून निघून जातं आणि सॉफ्टवेअर परवाना शोधत बसतं. ते थेट मशीनच्या मागच्या पोर्टमध्येच. पेन ड्राइव्हचंही तेच: फाइल लिहिली जात असताना बटण दाबलं तर ड्राइव्ह मधूनच उपटल्यासारखा होतो. आणि ऑफिसच्या लॅपटॉपच्या वाटेवर घरचा पेन ड्राइव्ह कधीच येऊ नये, हा आमच्या घरचा नियम आहे. लॅपटॉपला घरचा कीबोर्ड लावण्याआधी मी ऑफिसच्या आयटी विभागाला विचारून घेतलं. कीबोर्ड-माऊसला त्यांची हरकत नव्हती. झाकण बंद ठेवून लॅपटॉप चालू राहील ही सेटिंगसुद्धा त्यांनीच करून दिली, ती माझ्या हातात नव्हती.

आता मॉनिटर. कीबोर्ड बटणाने बदलायचा आणि मॉनिटरचा इनपुट मॉनिटरच्या मागची बारकी बटणं चाचपून बदलायचा, हे रोज अनेकदा करणं कंटाळवाणं. पण ज्या तारांवरून ईडीआयडी येतो त्याच तारांवरून कॉम्प्युटर मॉनिटरला हुकूमही देऊ शकतो. त्याला डीडीसी/सीआय म्हणतात. उजेड कमी-जास्त करणं, इनपुट बदलणं, असे एकेक ठरलेले कोड असतात. इनपुटचा कोड हेक्साडेसिमल या सोळाच्या पाढ्याच्या अंकपद्धतीत ६०, आणि त्याला द्यायच्या किमती, आपल्या नेहमीच्या अंकांत, बहुतेक मॉनिटरांत डिस्प्लेपोर्टसाठी १५, पहिल्या एचडीएमआयसाठी १७, दुसऱ्यासाठी १८. लिनक्सवर डीडीसीयूटिल नावाचा मुक्त प्रोग्राम हे काम करतो. विंडोजवर कंट्रोलमायमॉनिटर आहे, तो इन्स्टॉलही करावा लागत नाही.

मग डेस्कटॉपवर एक छोटी व्यवस्था बसवली. लिनक्समध्ये यूडेव्ह नावाचा भाग असतो, त्याला कोणतं यूएसबी उपकरण आलं आणि कोणतं गेलं ते कळतं. आमचा कीबोर्ड आला की डीडीसीयूटिलने मॉनिटरला डिस्प्लेपोर्टवर बोलवायचं. कीबोर्ड गेला की मॉनिटर पहिल्या एचडीएमआयवर, म्हणजे ऑफिसच्या लॅपटॉपकडे, ढकलायचा. लॅपटॉपवर काहीही टाकायला लागत नाही, दोन्ही बाजूंचं काम डेस्कटॉपच करतो, हे यातलं मला सगळ्यात आवडलेलं. हेच काम करणारा डिस्प्ले-स्विच नावाचा तयार मुक्त प्रोग्रामही आहे. ज्याला स्वतः लिहायचं नाही त्याने तो घ्यावा.

यात एक गोष्ट आधी तपासावी लागते. मॉनिटर एचडीएमआयवरचं चित्र दाखवत असताना डिस्प्लेपोर्टवरून आलेला हुकूम ऐकतो का? काही मॉनिटर ऐकतात, काही ऐकत नाहीत, आणि खोक्यावर हे कुठे लिहिलेलं नसतं. आमचा ऐकतो. मॉनिटरच्या मेन्यूत डीडीसी/सीआय चालू करावं लागलं, आणि इनपुट आपोआप शोधण्याची सोय बंद करावी लागली. ती चालू असली की मॉनिटर स्वतःच्या मनाने तिसऱ्याच मशीनकडे जातो.

यूएसबी फिरवल्यावर कीबोर्ड ओळखायला एक-दोन सेकंद जातात, त्यात मॉनिटरही बदलून होतो. डेस्कटॉपवर सुरुवातीला दर वेळी परत आलं की मराठी मांडणी गेलेली असायची. कीबोर्ड नव्याने जोडला गेला की सेटएक्सकेबीमॅप या तात्पुरत्या हुकमाने लावलेली मांडणी टिकत नाही, हे त्यामागचं कारण. मांडणी सिस्टीमच्या कायमच्या सेटिंगमध्ये लिहिल्यावर ते मिटलं. 

स्विचचा एक दोष राहिला. बाबांचं मशीन बंद असतानाही त्याच्या पुढचा दिवा मंद जळायचा. दुसऱ्या मशीनचा पाच व्होल्टचा प्रवाह स्विचमधून उलटा त्याच्यात शिरत होता, स्वस्त स्विचमध्ये तो अडवणारे डायोड नसतात. तसं झालं की जुनी मशीनं कधी सुरूच व्हायला नकार देतात. आम्ही बाबांच्या मशीनची यूएसबी केबल आता त्यांचं काम असेल तेव्हाच लावतो. त्यांच्या मशीनसाठी मॉनिटरही हातानेच बदलतो, मागची बटणं दाबून. ते त्यांना चालतं. त्यांच्या कामाचा दिवस ठरलेला असतो, आणि त्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन आत जाते.

खिडक्यांची आवराआवर जवळपास संपली. प्रत्येक मशीनची केबल मॉनिटरला थेट आणि कायम जोडलेली असल्यामुळे, दुसऱ्या इनपुटवर गेल्यावरही आमचा मॉनिटर आपला ईडीआयडी प्रत्येकाला देत राहतो. एचडीएमआयवरची दोन्ही मशीनं याने स्थिर राहिली. डिस्प्लेपोर्टच्या बाजूला मॉनिटर गाढ झोपेत गेला तर मात्र तो नाहीसा झाल्यासारखं डेस्कटॉपला वाटतं, म्हणून मॉनिटरच्या मेन्यूतली ती खोल झोप बंद ठेवली आहे.

पुढच्या वर्षी ऑफिसचा लॅपटॉप बदलणार आहे, आणि नव्याला म्हणे फक्त यूएसबी-सी पोर्ट आहेत. त्या पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचं चित्र निघत असेल, तर यूएसबी-सी ते एचडीएमआय अशी केबल घेऊन मॉनिटरची आजची व्यवस्था तशीच चालेल. काही मॉनिटरांच्या पोटातच यूएसबी हबसकट केव्हीएम येतो, एका यूएसबी-सी केबलवर चित्र, कीबोर्ड आणि लॅपटॉपचं चार्जिंग तिन्ही होतं. पण ते बहुतेक दोन मशीनांपुरतं असतं, आणि आमच्याकडे तिसरं आहे. बाबांनी सध्या एका ग्रंथालयाच्या जुन्या अहवालांचं काम घेतलं आहे. ते पुरं होईपर्यंत दुसऱ्या एचडीएमआयची केबल काढायची नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे.